सातअष्टमांश माणूस घरी आहे

संभाव्यतेच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी मिळाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातले अंदाज, नशीब आणि 'बघू या' हे सगळे रिटायर झाले. आता मी मोजून सांगते!

शनिवारी दुपारी आई शिलाई मशीनवरून उठली. "मी एका बाईंचं माप घ्यायला चाललेय. ती नाटकातली राणी झगा न्यायला येईल. आज पहिला प्रयोग आहे तिचा. झगा नाही तर राणी नाही! कोणीतरी घरी थांबा."

"कोण?" बाबांनी पेपरआडून विचारलं. ते पेपरआडून विचारतात तेव्हा 'मी सोडून' हे त्यात धरलेलंच असतं.

"नेमायची गरजच नाही!" मी म्हणाले. "शनिवारी दुपारी आपण तिघंही निम्म्या वेळा घरी असतो, निम्म्या वेळा बाहेर. बरोबर?"

"मग अर्धा, अर्धा आणि अर्धा," दादाने बोटांवर मोजलं. "दीड! दीडपट खात्री!"

"शक्यता एकाच्या वर जात नाही रे विद्वाना! आपण दोघं-तिघं एकदम घरी असतो, ते दिवस तू पुन्हा पुन्हा मोजलेस. उलटीकडून बघ. 'निदान एक जण घरी' याच्या उलट काय?"

"एकही जण घरी नाही," बाबा म्हणाले.

"शाब्बास! याला म्हणतात पूरक घटना. तिघंही बाहेर म्हणजे अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. एकअष्टमांश! तो एकातून वजा करा. निदान एक जण घरी असण्याची शक्यता सातअष्टमांश!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या पोटी कॅल्क्युलेटर जन्माला आलाय. "मग जाते बाई निश्चिंत," म्हणत ती गेली.

मीही निघाले, मैत्रिणीला हेच गणित शिकवायला. घरात बाबा होते, दादा होता. आणि वर सातअष्टमांश होताच की!

परत येताना सलूनच्या काचेतून एक ओळखीचं पोट दिसलं. वरचा चेहरा निम्मा फेसात होता.

"बाबा! तुम्ही इथे?"

"तू इथे?" फेस बोलला. "असू दे. घरी दादा आहे."

"हा का?" न्हाव्याने वस्तरा बाहेर रोखला. रस्त्यावरून दादा फुटबॉल लाथाडत चालला होता!

"अरे, घरी कोण आहे?" मी ओरडले.

"मला काय माहीत? सातअष्टमांश म्हणालीस ना! म्हटलं, मग आपली काय गरज?"

"मीही तेच म्हटलं," बाबा म्हणाले.

आणि तेव्हा मला गणिताच्या बाईंचं ते वाक्य आठवलं. ते त्या सांगत होत्या तेव्हा मी पुढच्या मुलीच्या वेणीला गाठ मारत होते. 'घटना एकमेकींवर अवलंबून नसतील, तरच असा गुणाकार करायचा.' आम्ही तर तिघंही एकमेकांवरच अवलंबून बाहेर पडलो होतो!

पळालो. बाबा गळ्यात टॉवेल अडकवून, निम्म्या दाढीसकट!

दारात राणी पायरीवर बसलेली. चेहऱ्याला रंग, डोक्यावर मुकुट, अंगात घरातला ढगळ शर्ट.

"कधीची बेल वाजवतेय! पडदा वर जायची वेळ झाली!" ती रडकुंडीला आली होती.

आमचं दार ओढलं की आपोआप लागतं. "किल्ली काढा," बाबा म्हणाले.

"मी नाही नेली," मी म्हणाले.

"मीही नाही. म्हटलं, तिघांपैकी एकाने तरी..." दादाने माझ्याकडे बघितलं.

सुदैवाने तेवढ्यात आई आली. तिच्याकडे किल्ली होती. दार उघडता उघडता तिने बाबांची दाढी पाहिली. "तुम्ही कोणत्या नाटकात?"

राणीने धावत जाऊन झगा चढवला. अगदी मापात! ती आरशात पाठ वळवून बघत म्हणाली, "ताई, स्टेजवर सुटणार नाही ना हो?"

"छे! हूक आहे, बटण आहे, वर बांधायला बंदही आहे. तिघांपैकी एक तरी धरून ठेवेलच की!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सांगा गणितज्ञबाई," बाबा म्हणाले. "किती?"

"आई," मी हळूच विचारलं, "तिन्ही एकाच दोऱ्याने लावलीस का गं?"

"हो. जुनं रीळ संपवायचं होतं."

मी काहीही मोजलं नाही. सेफ्टी पिनांची अख्खी डबी राणीच्या हातात कोंबली.