हादेबेबाबांच्या अळकुड्या

"थोकोचे बाबा, त्या कंदांना चिठ्ठी लावा," असं त्यांची बायको मादुमा तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा हादेबेबाबा दुखावले.

"बाप काय पोरांच्या कपाळावर नावं लिहून ठेवतो? माझे कंद मी अंधारात ओळखीन."

दक्षिण आफ्रिकेतल्या या खोऱ्यात हिवाळा जूनमध्ये येतो, आणि गुलाबी कॅला लिली पानं टाकून झोपी जाते. मग कंद उकरून कोरड्यात ठेवायचे. घरातली सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे चुलीवरची फळी. तिथं अळकुड्यांची टोपली आधीच होती. बाबांनी कंदांची टोपली तिच्या शेजारी ठेवली. वाण आजोबांनी डोंगरातल्या खडकांतून आणलेला. दर डिसेंबरात, भर उन्हाळ्यात, चर्चच्या पुष्पप्रदर्शनात पहिला नंबर बाबांचाच, आणि तो ते पेन्शनसारखा घेत. ओढ्याकाठी आपोआप माजणाऱ्या पांढऱ्या कॅलाला ते फूल मानत नसत. ती शेजारच्या झोंडीबाबांकडे होती.

गुरुवारी मादुमा मंडळाचा लाल ब्लाउज घालून चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनेला गेली आणि नेमके झोंडीबाबा टपकले. पाहुण्याला तसंच पाठवणं बाबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फळीवरून टोपली काढली, मूठभर अळकुड्या उकडल्या, मीठ लावून पुढे ठेवल्या.

झोंडींनी एक चावली आणि बराच वेळ छताकडे पाहिलं.

"कशा आहेत?"

"जरा बोलक्या आहेत."

बाबांनीही एक खाल्ली. जिभेवर सुया नाचू लागल्या. "आमच्या मातीचा गुण," ते म्हणाले. "लेच्यापेच्याला नाही झेपत."

यावर झोंडींनी दुसरी उचलली. मग बाबांनाही उचलणं आलं. तिसरीनंतर दोघांचेही ओठ सुजून संभाषण आपोआप संपलं. निघताना बाबांनी उरलेल्या कच्च्या अळकुड्या टोपलीसकट, दोन्ही हातांनी, पाहुण्याला दिल्या. पाहुणचार अर्धवट सोडणं त्यांना पसंत नव्हतं.

संध्याकाळी मादुमानं फळीकडे पाहिलं. "अळकुड्या तर इथंच आहेत. मग उकडलंत काय?"

बाबांनी फळी चाचपली. कंदांची टोपली नव्हती.

"जा, झोंडींकडून परत मागून आणा."

"काय शांगू त्याला?" बाबा सुजल्या ओठांनी म्हणाले. "फोरं ओळखली नाईत म्हनून?"

ते गेले नाहीत.

डिसेंबरात बाबांचं टेबल रिकामं होतं आणि झोंडींच्या टेबलावर गुलाबी कॅला डोलत होती. पहिला नंबर! डर्बनहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "निगा कशी राखलीत?"

"कसली निगा? मागच्या चढावर खडकांत फेकून दिले कंद."

"आणि मिळाले कुठून?"

झोंडींनी बाबांकडे पाहिलं. "एका थोर माणसानं खायला दिले होते."

सभागृह खदखदून हसलं. मादुमानं कोपर मारलं. "उठा, सांगा तुमचे आहेत म्हणून."

बाबा उठले. त्यांनी त्या फुलांकडे डोळे भरून पाहिलं.

"पाकळीवर डाग नाही, देठाला बाक नाही," ते म्हणाले. "असा वाण या खोऱ्यात दुसरा नाही!" आणि सगळे थांबले तरी ते टाळ्या वाजवत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात झोंडी दारात उभे राहिले. हातात तीच टोपली, कंदांनी शिगोशीग भरलेली.

"टोपली रिकामी कशी परत करायची? घ्या. फक्त या वेळी मीठ जरा बेतानं लावा."

बाबांनी दोन्ही हातांनी टोपली घेतली. झोंडी फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबले. मग आत हाक मारली, "मादुमा, पेन कुठं ठेवलंयस गं?"