जनादादाचा ठोका

आमच्या उलव्याच्या बिल्डिंगमधला जनादादा कोणाकडेही गेला की आधी वस्तूंना टिचक्या मारतो. चहाचा डबा, फ्रिजचं दार. एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या टकलाच्या दिशेनेही त्याचं बोट निघालं होतं. "वहिनी, या डब्याला अटॅक हाय, पन बॉडी नाय," म्हणजे ठोका कडक, पण आवाज पोकळ, असा निकाल देऊन मगच तो कपाला हात लावतो.

दादा इथल्याच गावचा आगरी. बेडरूमच्या भिंतींना गाद्या टेकवून त्याने स्टुडिओ केलाय. तिथे तो हळदीची गाणी मिक्स करतो. जीव सगळा स्नेअरवर, म्हणजे बँडवाल्याच्या गळ्यातल्या त्या कडकडणाऱ्या ड्रमवर. "आवाज दाबायचा, पन पयला ठोका सोरून. पयलाच दाबला तं राहला काय?" हे तो मला सांगतो, वॉचमनला सांगतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असतानाही सांगतो.

लोकांची गाणी तो दुपारभरात हातावेगळी करतो. स्वतःच्या मुलीच्या हळदीचं गाणं मात्र संपेना. हळद तोंडावर आली, बायको चिडली, मुलगी रुसली, आणि तोच एक ठोका ऐकून आमचे कान किटले.

शेवटी मी तावातावाने वर गेले. दार उघडंच होतं. आत दादाची आई बसली होती. आजी धवलारीण, म्हणजे लग्नात विधीची गाणी म्हणणारी. गावातलं लग्न त्यांच्या आवाजाशिवाय लागत नसे. हल्ली कान पार गेलेत, मशीनचाही उपयोग नाही. नातीच्या हळदीला यायला त्यांनी साफ नकार दिला होता. "सगली नाचतील, मी काय बावलीसारकी बसू?"

आता त्यांचा तळहात स्पीकरवर होता आणि दादा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ठोका वाजला. आजींनी मान हलवली, नाही. दादाने घुमारा काढला, ढोलकी खाली आणली, ठोक्याला वाट करून दिली. पुन्हा नाही. भांडायला आले होते हे मी विसरूनच गेले.

मग एकदा आजींचा दुसरा हात मांडीवर पडला. बरोबर ठोक्यावर. पुन्हा पडला, पुन्हा ठोक्यावर. आणि त्या गायला लागल्या. सूर कुठल्या कुठे, पण ताल चुकला नाही.

दादाला रडू कोसळलं. मलाही आवरेना. आजींना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. स्पीकरवरचा हात न काढता त्या म्हणाल्या, "जना, मना फुडं बशीव. पोरीला पयली हलद मीच लावनार."