सोफ्यावर बसलेला बिबट्या

घर सजवायला देवाने दिलेली नजर लागते, आणि ती आपल्याला अंमळ जास्तच मिळाली आहे, याबद्दल त्या घरच्या सुनेला तिळमात्र शंका नव्हती.

"प्राण्यांची नक्षी म्हणजे मीठ!" ती नवऱ्याला बजावायची. "चिमूटभर पडली तर चव, मूठभर पडली तर घराची सर्कस. एका खोलीत एकच प्राणी!"

"मग मी दुसऱ्या खोलीत बसू?" नवरा म्हणाला.

तर बैठकीच्या खोलीत भिंती साध्या, पडदे साधे, आणि राखाडी सोफ्यावर बिबट्याच्या ठिपक्यांचं एक लवदार पांघरूण, सहज पडल्यासारखं. ते 'सहज' जमवण्यात तिची अख्खी सकाळ गेली! दुपारी नवऱ्याचे साहेब आणि साहेबीणबाई खास सजावट बघायला यायचे होते.

एवढ्या बेतात एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. तिचे सासरे उभा जन्म प्राणिसंग्रहालयात बिबट्यांच्या पिंजऱ्यावर नोकरीला होते.

म्हातारा मोठा गोड माणूस. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांनी तिला लेकीसारखं जपलं. उठता-बसता 'सूनबाई'! पण अलीकडे त्यांच्या आठवणीला वाळवी लागली होती. आधी किल्ल्या गेल्या, मग गल्ली गेली, मग शेजारी गेले. आणि एका सकाळी तिने दुधाचा पेला पुढे केला, तर ते नम्रपणे म्हणाले, "ठेवा, बाई. तुम्ही कुणाकडच्या?"

मुलाला ते ओळखायचे. ही मात्र 'बाई'. रोज पेला देताना ती विचारायची, "बाबा, मी कोण?" ते ओशाळं हसायचे. मग ती "राहू द्या" म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि नळ मोठा सोडायची. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

असो. पाहुणे आले. साहेबीणबाई थेट त्या पांघरुणावरच टेकल्या. "अगंबाई, काय नाजूक निवड!" सून अशी फुलली म्हणता! तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पांघरुणाचं टोक हललं, आणि नेमके बाबा दारात आले. त्यांची वाकलेली पाठ एकदम ताठ झाली.

"बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हलू नका. शेपूट आपटतेय. चिडलीय ती."

"कोण?"

"जिच्यावर तुम्ही बसलाय ती!"

साहेबीणबाईंनी किंकाळी फोडली.

"ओरडू नका! पाठ दाखवू नका! आणि अहो टक्कल, तुम्ही टेबलावर चढा!"

ज्यांच्यापुढे अख्खं ऑफिस चळाचळा कापतं, ते साहेब निमूट टेबलावर चढले! त्या आवाजाचा अंमलच तसा होता.

"बाबा, कापड आहे ते!" नवरा धावला.

"मागे हो, गाढवा! दार लाव!"

नवऱ्याने दार लावलं. का लावलं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

बाबांनी केकची बशी कोपऱ्यात भिरकावली, जनावर तिकडे वळावं म्हणून. साहेबीणबाई घाबरून पळाल्या, तर पर्सच्या बंदात पांघरूण अडकलं आणि तेही त्यांच्यामागे पळायला लागलं! पुढे बाई, मागे बिबट्या, अशा खोलीला फेऱ्या सुरू. वरून साहेब ओरडताहेत, "अगं, पर्स सोड! पर्स!"

शेवटी पर्स सुटली. पांघरूण घसरत येऊन सुनेच्या पायाशी थांबलं.

बाबांनी खुर्ची उचलली. तिचे चार पाय पुढे रोखून ते सुनेच्या आणि त्या बिबट्याच्या मध्ये उभे राहिले.

"सूनबाई, माझ्या पाठीमागे! मी आहे तोवर तुला ओरखडासुद्धा उठू देणार नाही!"

सून जागच्या जागी थिजली. वाकून कापड उचललं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ती खरंच त्यांच्या पाठीमागे लपली, दोन्ही मुठींत त्यांचा सदरा धरून.

"बाबा," तिने विचारलं, "मी कोण?"

"ही काय वेळ आहे विचारायची, सूनबाई?" ते खेकसले.

देव क्षमा करो, पण त्याचं नावसुद्धा तिला कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

मग बाबांचे हात थकले. खुर्ची खाली आली, ते तीतच बसले, घाम पुसला आणि सुनेकडे बघून म्हणाले, "पाणी मिळेल का, बाई?"

पाहुणे चहा न घेताच गेले. आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच सून तिथे दारात उभी! बिबट्याच्या कापडाचा अख्खा तागा घेऊन आली. पडदे बिबट्या, उशा बिबट्या, टेबलावर बिबट्या, दिव्यालासुद्धा बिबट्या! नवरा पडद्याचे हूक अडकवत राहिला. तिने पंखा पुरता मोठा केला, बाबांना हाताला धरून खोलीच्या मधोमध आणलं आणि समोर श्वास रोखून उभी राहिली.

सगळी खोली हलत होती. बाबांनी चौफेर नजर फिरवली. पडद्याला बोट लावून बघितलं. आणि परक्या घरच्या माणसाला दुखवू नये, अशा अदबीने हलकेच म्हणाले,

"राग मानू नका, बाई, पण कापड जरा भडकच घेतलंत."