एकट्यापुरती पिशवी

कमलाकांत तामोरेला एक रात्र हवी होती. जास्त नाही, एकच. त्या रात्री त्याच्याशी कोणीही, कशाहीबद्दल, एक अक्षरसुद्धा बोलायला नको होतं.

सरावलीतल्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ते शक्य नव्हतं. सकाळी डोळे उघडायच्या आत सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याच्या पंपाबद्दल बोलायला दारात हजर. तारापूरच्या एमआयडीसीत तो एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तिथे ज्ञानेश नावाचा, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान साहेब दिवसभर बोलायचा. संध्याकाळी बायको नलू बोलायची. कमलाकांत या सगळ्यांवर ओरडायचा आणि तो का ओरडतो यावर ते सगळे आणखी बोलायचे. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला आणि चिडणं कमी करा म्हणून सांगितलं. दोनदा का मोजला, म्हणून तो डॉक्टरांवरही चिडला.

शेवटी मुलीने, रुचिताने, मोबाइलवर शोधून त्याला बिव्ही बॅग मागवून दिली. बिव्ही बॅग म्हणजे तंबू नव्हे. एका माणसाच्या मापाची लांबलचक पिशवी, तिच्यात आपली स्लीपिंग बॅग सरकवायची, आपण आत शिरायचं, चेन हनुवटीपर्यंत ओढायची आणि उघड्या डोंगरावर खुशाल झोपायचं. तंबू कमलाकांतने मुद्दामच घेतला नाही. तंबूत दोघांची जागा असते. जागा आहे म्हटल्यावर चिंचणीचा मेहुणा सुजीत आलाच असता आणि येताना गाणी वाजवायचा डबा घेऊन आला असता.

पार्सल आलं तेव्हा त्याने पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. सहाशे ग्रॅम. मग जेवताना त्याने पिशवीबरोबर आलेला कागद मोठ्याने वाचला. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतला दमटपणा मात्र बाहेर निघून जातो. हे वाक्य त्याने तीनदा वाचलं. नलूने जेवण थांबवून ते तिन्ही वेळा ऐकलं, आणि नवरा बोलत असताना नलू इतकं लक्ष देऊन ऐकते तेव्हा काहीतरी शिजतंय, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

नलू चिंचणीची. दर हंगामात माहेराहून ओला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणून सोसायटीच्या गच्चीवर वाळवायचा आणि वर्षभर पुरवायचा, हा तिचा नेम सेक्रेटरीलाही मोडता आला नव्हता. पाणी आत घेत नाही आणि दमटपणा बाहेर सोडते अशी पिशवी मिळावी, एवढंच मागणं तिच्या आईचं आणि आजीचं देवाकडे होतं. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला, जवळा अर्धवट वाळलेला होता आणि कमलाकांत दुसऱ्या पाळीला होता. नलूने सगळा जवळा त्या पिशवीत भरला आणि आठ दिवस गॅलरीत ठेवला. बुरशीचा ठिपका नाही. मग तिने पिशवी झटकली, पुसली, होत्या त्या घड्या घालून कपाटात ठेवली आणि तोंड मिटून घेतलं. सांगितलं असतं तर तो ओरडला असता, आणि ओरडायला डॉक्टरांनी बंदी केली होती.

वासाचं म्हणाल, तर कमलाकांतचं नाक रंगाच्या पिंपांत सव्वीस वर्षं घालवून कधीच निवृत्त झालं होतं. नलूला आणि रुचिताला तो वास म्हणजे घराचाच वास वाटायचा.

शनिवारी तो पालघरहून जीपने वाघोबा खिंडीत उतरला. जीपमधली माणसं त्याच्यापासून जरा सरकून बसली होती. हल्ली लोकांना कळायला लागलंय, असं त्याला वाटलं. खिंडीतून काळदुर्ग किल्ल्याची वाट चढायला लागला तर एक कुत्रा मागे लागला. अर्ध्या वाटेवर दोन झाले. माथ्यावर पोहोचेपर्यंत तीन. त्याने हाकललं, दगड उचलल्यासारखं केलं, बिस्किटं टाकली. बिस्किटांना कुत्र्यांनी तोंडही लावलं नाही. एकट्याने यायचं म्हणून सहाशे ग्रॅमची पिशवी घेतली आणि आता ही वरात, म्हणून तो मनातल्या मनात उकळत राहिला.

तरी तासभर फार बरं गेलं. खाली पालघरचे दिवे लागले, लांब बोईसरच्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्यांवरचे लाल ठिपके दिसायला लागले आणि कोणी काही बोललं नाही. आठच्या सुमारास तो पिशवीत शिरला आणि त्याने चेन ओढली. लगेच तिन्ही कुत्री पिशवी चाटायला लागली. मोबाइलचा टॉर्च त्यांच्या डोळ्यांवर मारता मारता मोबाइलचं चार्जिंग संपलं. मग पायाशी काहीतरी टोचायला लागलं. त्याने वाकून, अंग आखडून, शिवणीपर्यंत हात घातला आणि मूठभर काहीतरी वर काढलं. नाक गेलं असलं तरी बोटं जन्माने कोळ्याची होती. जवळा.

"नलूऽऽ," कमलाकांत ओरडला, "आज मी तुला सोडणार नाय."

आणि मग तो सुटला. माझ्या घरात माझी म्हणून एक वस्तू ठेवली नाहीस, इथपासून सुरुवात झाली. वाटेत सेक्रेटरी आला, ज्ञानेश आला, लग्नातल्या मानपानाचा विषय सुजीतसकट आला. नलू समोर नसल्यामुळे मध्येच तोडणारं कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येक मुद्दा त्याला शेवटपर्यंत मांडता आला. लग्न झाल्यापासून असं भांडण त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. घसा बसला तेव्हा तो थांबला, चेन डोक्यावरून ओढून घेतली आणि लहान मुलासारखा गाढ झोपला.

पहाटे उठून, कुत्री आत शिरू नयेत म्हणून पिशवीची चेन पूर्ण लावून, तो पाण्याची बाटली घेऊन खडकांमागे गेला. परत आला तर पिशवीभोवती दहाबारा माणसं उभी होती. खालच्या पाड्यावरची होती. बायकांनी पदर नाकाला लावले होते. तिन्ही कुत्री पिशवी उकरत होती. पोलीस पाटील नामदेव काठी टेकून पुढे उभा होता.

"ह्याच्यात कोन हाय?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. मी होतो."

"तुमी तर भायेर हाय."

कमलाकांतने रागारागाने चेन उघडून दाखवली. आत फुगलेली स्लीपिंग बॅग आणि चिमूटभर जवळा. पण त्यामुळे कोणाचं समाधान झालं नाही. उलट दोन माणसं कड्याच्या टोकाशी जाऊन खाली दरीत बघायला लागली. बुधी नावाची म्हातारी पुढे आली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. रात्री हा माणूस त्या बाईला घालूनपाडून बोलत होता, सगळ्या पाड्याने अंगणात बसून ऐकलं. बाई एकदाही उलटून बोलली नाही. एवढं ऐकून कोणती बाई गप्प बसेल? मग एकदम तोही गप्प झाला.

"आज सोडनार नाय म्हनालास तू," बुधी म्हणाली. "आता सांग, नलू कुठं हाय?"

नलू घरी आहे, सरावलीत आहे, ती इथे आलीच नव्हती, असं कमलाकांतने परोपरीने सांगितलं. मग रात्रभर कोणाशी भांडत होतास, असं विचारल्यावर मात्र तो नलूशीच म्हणून बोलून गेला. सात पिढ्यांत कोणी पोलिसांची पायरी चढलं नव्हतं आणि इथे मूठभर जवळ्यापायी बायकोच्या खुनाचा आळ येत होता.

नामदेवने स्वतःचा फोन काढला, त्याच्याकडून नलूचा नंबर घेतला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आधी बजावलं, की सरळ, हळू बोलायचं. आवाज चढला तर पुढचा फोन पोलीस ठाण्यात. कमलाकांतने घसा साफ केला.

"हॅलो नलू," तो म्हणाला. "कशी आहेस गं? चहा घेतलास का?"



"कोन बोलतंय?"

"मी. कमलाकांत."

"माजा नवरा असा बोलत नाय," नलू म्हणाली. "असले फोन लय येतात हल्ली. ओटीपी देनार नाय मी." आणि तिने फोन ठेवला.

दरीत बघणारी माणसं परत आली आणि कमलाकांतच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. नामदेवने दुसऱ्यांदा फोन लावला. नलूने तो उचलला आणि त्याला बोलूच दिलं नाही. त्यांच्या नावानं फोन करताय, ते कुठं हायत, काय केलंत त्यांचं, असं तिने सुरू केलं. आवाज रडवेला झाला होता. कमलाकांतने "अगं, शांत हो ना जरा," असं आणखी एकदा मऊपणाने म्हणून पाहिलं आणि ती खरंच रडायला लागली. तेव्हा मात्र त्याचा रक्तदाब कुठल्या कुठे चढला.

"जवळा भरायला माझीच पिशवी सापडली का गं तुला?" तो गरजला. कुत्री मागे सरली. "गोण्या मेल्या होत्या सगळ्या? आणि वर गप्प बसलीस? लाज नाय वाटत?"

"हां," नलू डोळे पुसल्यासारख्या आवाजात म्हणाली. "तेच हायत. बरे हायत ना? गोळी घेतली का विचारा त्यांना."

पाडा सुटकेने हसला. नामदेवने काठी काखेत मारली. बुधीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि रात्रीपासून मनात होतं ते नलूला सांगून टाकलं, की बाई, तुजी काय चूक नाय, पिशवी असते कशाला? मग जवळा आणखी आहे का, पाड्यात घरं किती, पावसाळ्याआधी कधी आणशील, असं दोघींचं सुरू झालं. बाकीच्या बायका फोनभोवती बसल्या. पुरुष बिड्या काढून बाजूला झाले. कुत्री पिशवीवर झोपली.

कमलाकांत एका दगडावर जाऊन बसला. समोर ऊन पडायला लागलं होतं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, कोणी त्याच्याशी एक अक्षर बोललं नाही.

त्याला भयंकर राग आला.