झिपरूच्या मायचं नाव

चैत्रातली दुपार. कुत्रीसुद्धा बैलगाडीखाली जीभ काढून पडलेली. अशा वेळी आमच्या गल्लीत एक उंच, काळ्या लुगड्यातली बाई येऊन उभी राहायची आणि गावात नसलेल्या बायकांना हाका मारायची.

"ए मंजुळेऽ! ए सीतेऽ! ए गोजरेऽ!"

या नावांची एकही बाई गावात कोणाला माहीत नव्हती. हाक विरली की ती मान कलती करून थांबायची. मग कुठल्या तरी घरात हातातलं भांडं पडल्याचा आवाज यायचा. ती मान हलवायची आणि पुढच्या गल्लीला लागायची.

शिंदखेड्याहून चार कोसांवरच्या या गावात मी शाळामास्तर होतो. त्या हाकांनी माझ्या अंगावर काटा यायचा. इतरांपेक्षा जरा जास्तच, आणि त्याला कारण होतं.

बाईला सगळे झिपरूची माय म्हणत. झिपरू आठव्या वर्षी तापात गेला, त्याला वीस वर्षं झाली होती. मागोमाग नवराही गेला. तरी ती झिपरूचीच माय राहिली. एका मेलेल्या पोराच्या नावानं जिवंत बाई ओळखायची, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बाईचं माहेरचं नाव लग्नात बदलायचं, सासरचं पोर झालं की मागे पडायचं, आणि पुढे जन्मभर अमक्याची माय. मी तिला अक्का म्हणे.

तर ही अक्का गावातल्या बायकांची माहेरची नावं शोधत फिरायची. देवदर्शनाचं निमित्त करून एस.टी.नं बायकांच्या माहेरी जायची आणि तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकच विचारायची, ते नाव जिवंत आहे की मेलं. "नाव जित्तं शे का मरी गयं?" नाव हाती लागलं की दुसऱ्या दुपारी ते गल्लीत ऐकू यायचं.

गावचे नाना एकदा फारच चिडले. पारावर चार माणसांत म्हणाले, "कोन मंजुळा? रोज मन्या दारसमोर वरडस! या गावमा मंजुळा नावनी बाई नही, व्हती बी नही!"

दाराआडून त्यांची सत्तर वर्षांची आई म्हणाली, "शे ना रे भाऊ. मी शे."

नाना दोन दिवस पारावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी भगताला घेऊनच आले. मेलेल्या बायका हिच्या तोंडून बोलतात, असा त्यांचा निष्कर्ष. भगतानं लिंबं मांडली, राख फुंकली, दरडावून विचारलं, "बोल, कोन शे तू?"

अक्का शांतपणे म्हणाली, "मनं राहू दे. तुन्या मायनं नाव काय?"

भगत विचारात पडला. मग लिंबं गोळा करून निघून गेला. पुढच्या बाजारी भेटला तेव्हा म्हणाला, "मावशीले ईचारं. तिले बी याद नही." त्याचा चेहरा उतरला होता.

हसण्यासारखं इतकंच. बुराई नदीच्या काठी आमचं मसण आहे. एका तिन्हीसांजेला मी वाट चुकलेली शेळी शोधत तिकडे गेलो, तर अक्का तिथे उभी. गेलेल्या बायकांचं एकेक नाव घ्यायची, थांबायची. वारा नव्हता. पाण्याचा आवाज नव्हता. दोन नावांच्या मधली ती शांतता रिकामी वाटत नव्हती, एवढंच मी सांगू शकतो.

"अक्का, ओ देतं का कोणी?" मी उगाच हसून विचारलं.

"एकदोन जनी देतस. हळू बोलतस. सवय नही ना."

मी शेळीचा शोध तिथेच सोडून घरी आलो.

हे खूळ तिला कशानं लागलं, याबद्दल गावात पाच मतं होती. खरं कारण मला ठाऊक होतं. ते मी होतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयादी करायचं काम मास्तरांकडे आलं. दारोदार जाऊन बायकांची नावं विचारायची. आतून पोराच्या नावानं उत्तर यायचं, "लिखी ले, उखानी माय." अक्काच्या दारी गेलो तेव्हा ओट्यावर तिचे दीर बसले होते. त्यांच्याच दुसऱ्या घरात मी भाड्यानं राहत होतो. नाव विचारलं. अक्का उंबऱ्याआड आली, चौकट धरून उभी राहिली. मग तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, आईबापानं ठेवलेलं.

दीर खेकसले, "झिपरूनी माय लिख, मास्तर! घरनं नाव बजारमा काढू नको."

मी झिपरूची माय लिहिलं.

पुढे वरून हुकूम आला की असली नावं चालणार नाहीत. पुन्हा जाऊन खरी नावं घ्या, नाहीतर खोडा. ऊन फार होतं, आणि दीर ओट्यावरच असत. मी बसल्या जागी लाल शाईनं खोडलं.

मतदानाच्या दिवशी अक्का धुतलेलं लुगडं नेसून रांगेत पहिली. तिचं नाव सापडेना. बाहेरगावचे साहेब माझ्याकडे वळले, "मास्तर, हे कसं?"

मी म्हणालो, "तिनं सांगितलंच नाही, साहेब. गावच्या बायका नाव सांगत नाहीत."

रांग हसली. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, चाचपडल्यासारखं. "मी सांगेल नही व्हतं का, भाऊ?"

"नाही, अक्का."

ती घरी गेली. त्या चैत्रात हाका सुरू झाल्या.

पाच वर्षांनी पुन्हा यादी आली. या खेपेला दारोदारी बायका स्वतः पुढे आल्या. मंजुळा, सीता, गोजर. नानांच्या आईनं तर दोनदा लिहायला लावलं. अक्काच्या घरी पोचलो तेव्हा दीर वारले होते, ओटा रिकामा होता.

"माले नको ईचारू, भाऊ," ती म्हणाली. "मी नाव सांगस, पन आवाज भाईर येत नही. मागला टाइमले बी तशेच व्हयनं. तवापासून वाटस, मी बी त्या नदीवरन्या मरेल बायकासमाच शे. म्हनीसन हाका मारीसन पाहस, आवाज निंघस का ते. दुसरानं नाव निंघस. मनं नही."

वही माझ्या मांडीवरून खाली घसरली. मी सगळं सांगितलं. दीर, लाल शाई, साहेब, सगळं.

ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हंजे त्या दिन मना आवाज व्हता?"

"होता, अक्का. चांगला स्वच्छ होता."

मग ती पुढे सरकून म्हणाली, "आते हाई कोनले सांगू नको. दोन पोरी शेतस तुन्या. नोकरी जाई."

मग तिनं नाव सांगितलं आणि मी लिहिलं. त्या साली तिनं मत दिलं. गल्लीतल्या हाका थांबल्या. गेल्या माघात ती गेली. तिनं शेवटपर्यंत कोणाला काही कळू दिलं नाही, आणि मीही त्या आडोशाला आरामात राहिलो. गावात अजून म्हणतात, झिपरूच्या मायनं पहिल्या खेपेला लाजून नाव सांगितलं नाही आणि मत घालवलं.

नोकरी जायची तर जावो. त्या दिवशी रांगेत जे हसले, त्यांनी ऐकावं. तिचं नाव चंद्रभागा. तिनं ते सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं.