साडेचार इंचांची भिंत

टेपरेकॉर्डर ठेवायला भिंतीवर एक फळी ठोकावी, एवढाच माझा विचार होता. रविवार होता, हातोडी सापडली होती (हे आमच्याकडे रोज घडत नाही) आणि शुभदा आंघोळीला गेली होती, म्हणजे अडवणारी बायको जागेवर नव्हती.

तिसऱ्या ठोक्याला थाळीएवढा गिलावा धप्पकन माझ्या पायावर आला. पाठोपाठ भिंतीच्या पलीकडेही धप्प झालं. मग अण्णा खोकले.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू विश्वासराव; ते पलीकडे राहतात. वडील गेल्यावर चामराजपेटेतल्या घराचे आम्ही दोन भाग केले आणि मध्ये साडेचार इंचांची भिंत घातली. फोन राहिला अण्णांकडे. एकदा मी आजारपणाची रजा टाकली असताना बोम्मसंद्र्याच्या फॅक्टरीतून आमच्या साहेबांचा फोन आला. अण्णांना खोटं बोलता येत नाही. "त्रिविक्रम सिनेमाला गेलाय," त्यांनी सांगून टाकलं. मला मेमो मिळाला आणि आमचं बोलणं बंद झालं. त्याला चार वर्षं झाली. (चूक अर्थात अण्णांची. मी फक्त सिनेमाला गेलो होतो.)

मी तसाच नाक्यावर जाऊन शिवाप्पा मेस्त्रीला घेऊन आलो. चांगला जुना गवंडी. त्याने थापीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहिली.

"पोकळ झालीय, सर. पलीकडूनही करायला पाहिजे. त्यांना सांगा."

"तूच सांग."

शिवाप्पा आमच्या फाटकातून बाहेर पडला, त्यांच्या फाटकातून आत गेला आणि परत आला.

"अण्णा म्हणतात, वाळू चाळून घ्या."

"त्यांना सांग, ते मला कळतं."

गेला, आला. "ते म्हणतात, कळतं हे ऐकून बरं वाटलं."

दुपारपर्यंत अशा अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या वेळी शिवाप्पाने छिन्नी जरा रागानेच मारली. एक अख्खी वीट पलीकडे गेली, मागोमाग आणखी पाच-सहा. भगदाडात अण्णांचा चष्मा दिसला.

शिवाप्पाने हत्यारं खाली ठेवली. "आता इथूनच बोला. मी स्वल्प चहा पिऊन येतो."

अण्णांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "केस गेले की रे तुझे."

"आणि तुमचे दात?"

"दोन काढले. दसऱ्याच्या सुमाराला. फार ठणकत होते."

त्या दिवसांत मी याच भिंतीला पाठ लावून पेपर वाचत बसायचो. पलीकडे वीतभर अंतरावर हा माणूस गाल धरून बसला असणार. लहानपणी माझा दात दुखला की हेच मला सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. मी बाहीने डोळे पुसले. (सिमेंटही गेलं असेल.)

"अण्णा, चूक माझी होती."

"ते मला चार वर्षांपासून माहीत आहे," अण्णा म्हणाले. पण चष्मा काढून पुसू लागले.

तेवढ्यात सगुणावैनी पदर खोचून, वाकून त्या भगदाडातून आमच्याकडे आल्या. "बसा, कॉफी करते," म्हणाल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि रव्याच्या डब्यामागून कॉफीचा डबा काढला. (मला तो अकरा वर्षांत सापडलेला नाही.)

"वैनी, तुम्हाला कसं ठाऊक?"

उत्तर शुभदाने दिलं. "तुम्ही फॅक्टरीत, अण्णा बँकेत. या अक्का रोज दुपारी इथेच असतात. अण्णांचे दात काढले तेव्हा मऊ भात कुणी करून पाठवला?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुमचं भांडण होतं. आम्ही कशाला मध्ये पडू?"

मी इतका हेलावलो होतो, की याचाही राग आला नाही. म्हटलं, "अण्णा, इथे दारच करून घेऊ. आजपासून मी रजेच्या दिवशीसुद्धा घरीच. आपण चौघं सगळा वेळ एकत्र!"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. शिवाप्पा तोंड पुसत आत येत होता.

"शिवाप्पा," वैनींनी घाईघाईने विचारलं, "हे आजच्या आज बुजवता येईल का?"