मोतिया की हस्तिदंती

आमच्या परळीत भगवानमामांच्या बैठकीची भिंत सात महिन्यांपासून अर्धी मोतिया आणि अर्धी हस्तिदंती आहे. मामा रोज सकाळी तिच्यासमोर स्टूल टाकून बसतात. आधी एक डोळा मिटतात, मग दुसरा.

"ठरलं का मामा?"

"बघू की. घाई कावून?"

माणूस इथल्या थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झालेला. तिथंही बटण दाबायला इतकाच वेळ लावत होते का, देव जाणे.

माझं रंगाचं दुकान त्यांच्या समोरच. लोकांच्या भिंतींना ब्रश मारत मारत ते उभं केलंय, त्यामुळे रंगातलं मला कळतं. हे दोन रंग म्हणजे एकाच म्हशीच्या दुधाचे दोन पेले. शिवाय थर्मलची राख दिवाळीपर्यंत दोन्ही सारखेच करून टाकते. तरी मामा दर पंधरवड्याला भिंतीवर पुन्हा हात मारायला नवा छोटा डबा नेतात, तोही भाव न करता. गिऱ्हाईकानं घासाघीस केली नाही की माझा दिवस आळणी जातो. त्यात येणारे-जाणारे उघड्या दारातून ती भिंत बघून मला विचारतात, "हे काम तुमचंच का शेठ?"

परवा डोकं फिरलं. दोन हातांत दोन रंगांच्या बादल्या घेऊन मी त्यांच्या घरात शिरलो.

"मामा, आज मीच रंगवतो. मजुरी बी नको. बोला, कोणता?"

मामांनी मला गप्प राहायची खूण केली आणि ते कॉटवरच्या मामींकडे वळले. मागच्या वर्षी मामींना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून त्या जेवणाला, औषधाला, कशालाच होय-नाही म्हणत नाहीत, हे गल्लीला ठाऊक होतं.

"काय गं, आज कोणता बरा वाटतो?"

मामींनी मान वळवली. जीभ जड होती. "डावा."

"काल तर उजवा म्हन्लीस."

"काल... ऊन न्हवतं. तुमाला... अक्कल न्हाई."

"अन् तुला लई हाय."

दोघं चांगली दहा मिनिटं भांडली. मामी अर्ध्या तोंडानं हसल्यासुद्धा. मग मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आज रंगवलंस तर उद्या हिला काय इचारू रे?"

मी बादल्या उचलून दुकानात गेलो आणि एक छोटा डबा घेऊन परत आलो. भिंतीवर ब्रशनं दोन हात मारले.

"मामी, हा बदामी. त्या दोन्हींपेक्षा भारी हाय, माझ्यावर सोडा."

मामींनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"भिकार," त्या म्हणाल्या.

मी स्टूल ओढलं आणि वाद घालायला बसलो.